निवळी

"मिल्की म्हण."

"मिलकी."

"मिलकी नाही गं. ल आणि क एकमेकांना चिकटलेले पाहिजेत. माझ्या भावानं पुण्याहून फोनवर सांगितलंय. आधी मिल्क म्हणायचं, मग त्याला नुसती ई लावायची. म्हण."

"मिल्की."

"आता पूर्ण."

"द लाइम वॉटर हॅज टर्न्ड मिल्की."

उंबरजे मॅडमनी समाधानानं डोळे मिटले. शनिवारची सकाळची शाळा सुटून बराच वेळ झाला होता. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दोनदा दारात येऊन गेला होता. मॅडमचा डबा तसाच बंद होता आणि मला घरी जाऊन आईला काजं करायला मदत करायची होती. पण त्या वाक्यातला तो 'मिल्की' मला जमेपर्यंत मॅडम सोडणार नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. सगळ्या वर्गातून त्यांनी मला निवडलं होतं.

ही गोष्ट बार्शीची. मी सातवीत होते. आमच्या शाळेत सेमी सुरू होऊन दुसरंच वर्ष होतं. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. आमची 'अ' तुकडी सेमीची आणि 'ब' तुकडी साध्या मराठीची. गावातल्या आईबापांना 'अ' तुकडीचं भारी अप्रूप होतं. माझी आई ब्लाउज शिवायची. मला 'अ'मध्ये घ्यावं म्हणून ती हेडसरांच्या दारात दोन दिवस बसली होती.

उंबरजे मॅडम मूळच्या वैरागच्या. विज्ञान शिकवण्यात त्यांचा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं. पाचवीत त्या आम्हाला मराठीतून शिकवायच्या. श्वासोच्छ्वासाचा धडा त्यांनी कसा शिकवला होता ते मला अजून आठवतं. "नाकाशी हात धरा. वाफ लागते? गरम लागते? मग आत काहीतरी जळतंय. जेवलेलं जळतंय. चूल पेटली की धूर बाहेर काढावा लागतो ना, तसं शरीर हा वायू बाहेर टाकतं." तेव्हा वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा नाकाशी हात धरून बसला होता.

मग सहावीच्या जूनमध्ये हेडसरांनी त्यांच्या हातात इंग्रजी पुस्तक ठेवलं आणि सांगितलं, आता यातून शिकवा. तेव्हापासून मॅडम हळू बोलायला लागल्या. वाक्यं फळ्यावर लिहायच्या, आम्ही ती उतरवून घ्यायचो आणि पाठ करायचो. कधीकधी खडू हातात धरून त्या खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या आणि मग पटकन मराठीत काहीतरी सांगून टाकायच्या. लगेच दाराकडे बघायच्या, हेडसर तर नाहीत ना म्हणून.

पेपरात आम्हाला सगळ्यांना चांगले मार्क पडायचे. त्यामुळेच संस्थेच्या मंडळींच्या मनात शंका आली असावी. त्यांनी पुण्याहून प्रभुदेसाई नावाच्या एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की पाठ केलेल्या उत्तरांवरून मुलाला इंग्रजी येतं की नाही हे कळत नाही. त्याच्या हातात प्रयोग द्या, करता करता इंग्रजीत सांगू द्या, मग कळेल. ज्यांना सांगता येणार नाही त्यांनी 'ब' तुकडीत जायचं, असं ठरलं.

म्हणून मॅडमनी प्रत्येकाला एकेक प्रयोग वाटून दिला होता आणि त्याची वाक्यं लिहून दिली होती. माझ्याकडे चुन्याच्या निवळीचा प्रयोग होता. चुना पाण्यात कालवून ठेवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं, ती निवळी. परीक्षानळीत निवळी घ्यायची, तिच्यात स्ट्रॉनं फुंकायचं. थोड्या वेळात ती दुधासारखी पांढरी होते. मी सराव करताना ती दर वेळी पांढरी झाली होती. पहिल्यांदा झाली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मॅडमनी तोंडावर बोट ठेवून म्हटलं होतं, "टाळ्या नाही. वाक्य."

हेडसर ताकभाते यांना सगळं नीटनेटकं लागायचं. पाहुणे येणार म्हणून त्यांनी चार दिवस आधीच हॉलमध्ये टेबलं मांडून घेतली, त्यांवर हिरवी कापडं घातली, सामान लावून ठेवलं आणि हॉलला कुलूप ठोकलं. पाहुणे आले त्या सकाळीच ते उघडलं. मी माझ्या टेबलाशी गेले, तर रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात निवळी स्वच्छ, पारदर्शक दिसत होती. माझ्या शेजारच्या टेबलावर शबाना तांबोळी लोहचुंबक घेऊन उभी होती. तिच्या वेण्यांना निळ्या रिबिनी होत्या. ती पुटपुटत होती. आम्ही सगळेच पुटपुटत होतो. हॉलमध्ये मधमाश्यांसारखा आवाज भरला होता.

प्रभुदेसाई सर उंच, सडपातळ होते. चष्मा गळ्यात दोरीनं लटकलेला. ते कोणावर ओरडले नाहीत. प्रत्येक मुलाशी वाकून बोलत होते. त्यांच्या मागे हेडसर हाताची घडी घालून चालत होते. आणि उंबरजे मॅडम भिंतीपाशी उभ्या होत्या, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून.

सर माझ्यासमोर आले.

"गुड मॉर्निंग सर. माय नेम इज वर्षाराणी डोंबे. टुडे आय विल शो यू..." माझं सुरू झालं. एकही शब्द अडला नाही. मी नळीत निवळी ओतली, ओतताना काय करते ते सांगितलं. तोंडात स्ट्रॉ धरली, फुंकायला लागले.

बुडबुडे आले. मी फुंकत राहिले. सरावाच्या वेळी एवढ्यात ढगासारखं काहीतरी उठायचं. इथे नुसतेच बुडबुडे. मी श्वास घेतला, पुन्हा फुंकलं. माझे कान गरम झाले. डोळ्यांत पाणी आलं. सर थांबले होते. हेडसर थांबले होते. मी स्ट्रॉ बाहेर काढली आणि नळी वर धरली.

आणि माझ्या तोंडून वाक्य आलं. "द लाइम वॉटर हॅज टर्न्ड मिल्की."

'मिल्की' अगदी नीट आला. ल आणि क चिकटलेले.

प्रभुदेसाई सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हॅज इट?"

हा प्रश्न पाठ केलेल्यांत नव्हता. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "येस सर. द लाइम वॉटर हॅज टर्न्ड मिल्की."

त्यांनी माझ्या हातून नळी घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पलीकडचं मैदान, झेंड्याचा खांब, सगळं तिच्यातून दिसत होतं. थोडंसं वाकडं, पण लख्ख. "लुक ॲट इट," ते म्हणाले. मी बघितलं. मग ते खाली वाकले आणि आजोबा बोलतात तसं हळूच म्हणाले, "बाळ, मराठीत सांग. घाबरू नकोस. हे पाणी पांढरं झालंय का?"

मी नळीकडे बघितलं. नळीतून शबानाची निळी रिबीन दिसत होती. मी मॅडमकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, नळीकडे बघत होत्या.

"हो सर," मी म्हणाले.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. हेडसरांनी वळून बघितल्यावर ते हसू थांबलं. प्रभुदेसाई सर सरळ उभे राहिले आणि भिंतीकडे वळले. "मॅडम, व्हॉट डू यू से?"

सगळा हॉल तिकडे बघायला लागला. उंबरजे मॅडमचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी पदराच्या टोकानं मानेवरचा घाम पुसला. सर नळी त्यांच्या दिशेनं धरून उभे होते. शाळेत सगळ्यात हुशार वाटणाऱ्या माझ्या मॅडम फळ्यापुढे उभं केलेल्या पोरीसारख्या उभ्या होत्या, आणि मला एकदम त्यांच्याकडे बघवेना. पण त्यांनीच माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून. मग त्या म्हणाल्या,

"द लाइम वॉटर... हॅज टर्न्ड... मिलकी."

मिलकी. ज्यासाठी त्यांनी मला शनिवारी उपाशी बसवून ठेवलं होतं, तेच त्या चुकल्या.

प्रभुदेसाई सरांनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग नळी जपून स्टँडमध्ये ठेवली, "थँक यू" म्हणाले आणि शबानाकडे वळले.

शबानाची तर बोबडीच वळली होती. पाठ केलेलं सगळं तिच्या डोक्यातून उडून गेलं. तिनं खिळा चुंबकाला लावला. "सर, दिस स्टिक." मग लाकडाचा तुकडा. "दिस नॉट स्टिक." मग किल्ली उचलली, लावली, ती पडली. "दिस... सर, दिस की नॉट स्टिक. सर, ही पितळेची आहे." "इन इंग्लिश?" सरांनी विचारलं. पितळेला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. तिनं मान खाली घातली.

आठवडाभरानं निकाल लागला. प्रार्थनेनंतर हेडसर माइकसमोर उभे राहिले. खोटं बोलल्याबद्दल आता सगळ्या शाळेसमोर माझं नाव घेतील, अशी माझी खात्री होती. तसं घेतलंच.

"सातवी अ मधली वर्षाराणी डोंबे," हेडसर म्हणाले, "हिचं इंग्रजी प्रभुदेसाई सरांना सर्वांत चांगलं वाटलं. स्पष्ट उच्चार. पूर्ण वाक्यं. अनपेक्षित प्रश्नालासुद्धा न अडखळता पूर्ण वाक्यात उत्तर. टाळ्या!"

शाळेनं टाळ्या वाजवल्या. मला कळेना आता चेहरा कसा करावा. बाजूच्या रांगेत शबाना उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती. तिचं नाव 'ब' तुकडीत जाणाऱ्यांच्यात होतं, ते नंतर वाचलं गेलं.

सोमवारी विज्ञानाच्या तासाला उंबरजे मॅडम आल्या नाहीत. सोलापूरहून आलेले पाटणे सर आले. घोटीव इंग्रजी बोलायचे. मॅडमना पाचवीचं मराठी आणि चित्रकला दिल्याचं शिपायाकडून कळलं. निकालातला एक भाग हेडसरांनी माइकवर वाचला नव्हता, तो असा सगळ्या शाळेला समजला.

मधल्या सुट्टीत ओंकार माळवे भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, काल्पनिक पदरानं मान पुसायचा आणि हनुवटी थरथरवत म्हणायचा, "द लाइम वॉटर... हॅज टर्न्ड... मिलकी." वर्ग पोट धरून हसायचा. मीही हसायचे. माझी नक्कल मात्र कोणी करत नव्हतं. मी तर पहिली आले होते. मॅडमचा मला संताप यायचा. स्वतःला येत नव्हतं तर मला कशाला शिकवायला गेल्या? एका प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, म्हणून माझंच वाक्य उचललं. त्या समोरून येताना दिसल्या की मी वर्गात शिरायचे. त्यांची मला लाज वाटत होती. वर्गात कोणी त्यांचं नाव काढलं तरी मला कानकोंडं व्हायचं.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या कानावर एवढंच आलं होतं, की तिची पोरगी इंग्रजीत पहिली आली. ब्लाउज न्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती हे सांगत होती. रविवारी सकाळी तिनं पेढ्यांचा पुडा आणला आणि इस्त्रीची साडी नेसली.

"आवर, मॅडमकडं जायचंय."

"कुठल्या मॅडमकडं?"

"कुठल्या म्हंजे? उंबरजे मॅडम. त्यांनी तुझ्यासाठी एवढी मरमर केली, त्यांच्या हातावर पेढा नको ठेवायला?"

"आई, नको ना. त्या आता आम्हाला शिकवत नाहीत."

"म्हणून काय झालं? शिकिवलं कुणी? काय लाजतीयस एवढी. चल गुमान."

वाटभर मी तिच्या मागे पाय ओढत चालले. मॅडमच्या घरी ओसरीवर त्यांच्या सासूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मॅडम आतून हात पुसत आल्या. आईनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या.

"अहो, हे काय करताय?"

"करू द्या मॅडम. माझ्या पोरीचं सोनं केलंत तुम्ही. मला तर सहीबी येत नव्हती नीट, आन् ही आता इंग्रजीत पहिली. तुमच्यामुळं." आईचे डोळे भरले होते. तिनं पुडा पुढे केला.

मॅडमनी एक पेढा उचलला आणि खाल्ला. "हुशारच आहे ती," त्या म्हणाल्या. मग आई सासूबाईंजवळ टेकली, सासूबाईंनी लगेच त्यांच्या जुन्या ब्लाउजच्या बाह्या घट्ट होत असल्याचं काढलं, आणि मॅडम मला म्हणाल्या, "वर्षाराणी, चल, चहाचे कप न्यायला ये."

स्वयंपाकघरात त्यांनी आधण ठेवलं. मी ओट्याला टेकून फरशीकडे बघत राहिले. मग माझ्याच तोंडून निघालं.

"मॅडम, ते पांढरं झालं नव्हतं."

"माहितीये मला."

"मी नीट फुंकलं होतं. खूप वेळ."

"तुझ्या फुंकण्यात काही चूक नव्हती गं." त्यांनी साखर घातली आणि बोलायला लागल्या, आणि त्यांचा आवाज एकदम पाचवीतल्यासारखा झाला. "निवळी शिळी झाली होती. जो वायू तू फुंकतेस, तोच थोडाथोडा हवेतही असतो. उघड्या भांड्यात चार दिवस राहिली की हवाच हळूहळू फुंकत राहते तिच्यात. चुना वर पातळ सायीसारखा धरतो. सकाळी हॉल उघडल्यावर कोणीतरी भांडं चकचकीत दिसावं म्हणून ती साय काढून टाकली असणार. खाली उरलं ते जवळजवळ नुसतं पाणी. त्यात तू संध्याकाळपर्यंत फुंकलं असतंस तरी काही झालं नसतं. मी सकाळी ताजी करून आणली होती बाटलीत. हेडसर म्हणाले, मांडलेलं काही हलवू नका."

मला सगळं समजलं. एका झटक्यात, लख्ख. वर्षभर जे इंग्रजीत पाठ करत होते ते काय होतं, हे मला त्या ओट्यापाशी पहिल्यांदा कळलं.

"मग हे तुम्ही त्यांना का नाही सांगितलं?"

"एवढं सगळं इंग्रजीत? नसतं जमलं मला."

"तेच!" मी म्हणाले. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो, पण मी तसंच म्हणाले, चिडून. "तुम्हाला इंग्रजी आलं नाही, म्हणून तुम्ही माझंच वाक्य म्हणालात. मला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे."

मॅडम माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी गॅस बारीक केला, गाळणं शोधलं, कप ओळीनं मांडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"'नो सर' म्हणायला कितीसं इंग्रजी लागतं गं?"

मी मान वर केली.

"तू हो म्हणाली होतीस," त्या चहा गाळत म्हणाल्या. "इंग्रजीत म्हणालीस ते ठीक, ते मीच पढवलं होतं. पण तू मराठीतसुद्धा हो म्हणालीस. त्यानंतर मी नाही म्हटलं असतं तर त्या भरल्या हॉलमध्ये तू कोण ठरली असतीस? बारा वर्षांची पोर." त्यांनी गाळणं बाजूला ठेवलं. "बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं असं म्हणायला नकोच होतं. घरी येऊन दोन दिवस मला जेवण गेलं नाही. पण तू माझ्याकडे असं काही बघितलंस..."

बाहेरून आईनं हाक मारली, "राणी, काय करतीयस गं आत? मॅडमना तरास देऊ नको."

"त्रास कसला," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या आणि ट्रे माझ्या हातात दिला. "सांडू नको."

तरी थोडा चहा सांडलाच.

घरी जाताना आईनं विचारलं, "काय म्हणत हुत्या मॅडम?"

"अभ्यास कर म्हणाल्या."

"बघ. देवमाणूस हाय."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी वर्गात गेले नाही. हेडसरांच्या खोलीबाहेर उभी राहिले. रात्रभर मी मनात वाक्यं जुळवली होती, मराठीतच. शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत. तरी मी उभी राहिले. शेवटी हेडसरांनीच मला बघितलं.

"काय गं डोंबे? ये, ये."

"सर, ते पांढरं झालं नव्हतं."

"काय?"

"प्रयोगातलं. निवळी. ती पांढरी झालीच नव्हती. मी खोटं बोलले. उंबरजे मॅडम माझ्यासाठी तसं म्हणाल्या. त्यांना खरं माहीत होतं. त्यांना परत आमच्या वर्गाला द्या. मला 'ब'मध्ये टाका, चालेल."

मला वाटलं होतं हेडसर खुर्चीतून उठतील. ओरडतील. छडी काढतील. त्यांनी फक्त पेनाचं टोपण लावलं.

"माहितीये मला," ते म्हणाले. "मी तिथंच उभा होतो ना मागं. मलाही दिसलं. प्रभुदेसाई सरांनाही दिसलं. गाडीत बसताना बोललेसुद्धा ते. म्हणाले, विज्ञान तपासायला मला बोलावलं नव्हतं, भाषा तपासायला बोलावलं होतं. आणि भाषा तुझी चांगली आहे, त्यात काही खोटं नाही."

"पण मॅडम..."

"हे बघ बाळ, मॅडमना खोटं बोलल्याबद्दल नाही काढलं." ते अगदी समजुतीनं सांगत होते. मला बरं वाटावं म्हणूनच सांगत होते. "त्यांना उच्चारांबद्दल काढलंय. तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस. जा, पाटणे सरांचा तास सुरू झाला असेल."

मी बाहेर आले. व्हरांड्यात ऊन आलं होतं. पाचवीच्या वर्गातून उंबरजे मॅडमचा आवाज ऐकू येत होता. कोणाला तरी त्या सांगत होत्या, की डोंगर काढताना आधी पेन्सिल हलक्या हातानं धर. आमच्या वर्गात जायचं तर त्याच दारावरून जावं लागायचं. आत डोकावून त्यांना एवढंच सांगायचं होतं, की मी जाऊन आले, मी सांगितलं. दारापर्यंत मी गेलेही. मग त्यांनी विचारलं असतं, हेडसर काय म्हणाले.

मी मागे वळले आणि मागच्या जिन्यानं वर गेले. सातवीचं उरलेलं सगळं वर्ष मी त्याच जिन्यानं जात होते.